दक्षिणेकडचा काळोख

३ ऑगस्ट

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू: पंचेचाळीस सेंटिमीटरचा आरसा, तो घासण्यात एक हिवाळा आणि अर्धा वसंत गेला. आरशाखालचा लोखंडी पाळणा. दुर्बीण आकाशाच्या चालीने फिरवणारे यंत्र. त्याचे मोठे दातेरी चाक भंगारात निघालेल्या होडीच्या रहाटाचे आहे. टेकडीवरची खोली आणि तिचे रुळांवर सरकणारे पत्र्याचे छप्पर, एका बोटाने सरकते. कॅमेऱ्याची थंड पेटी. (कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी चकती विकतची आहे. लपवण्याचे कारण नाही.) बायकोसाठी, इकुएसाठी, म्हाकूळ मासे वाळवायचे फिरते चक्र, ते पाहून गावातल्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांना इतके सुनावले की मला आणखी चार करून द्यावी लागली. आणि या एप्रिलमध्ये सासऱ्यांच्या अस्थिकलशासाठी देवदाराची पेटी. एकही खिळा न वापरता.

यादी करण्याचे कारण असे की काल बंदरावर कोणीतरी म्हणाले, प्रोफेसरच्या दुर्बिणीला विद्यापीठाचा पैसा आहे. प्रोफेसर म्हणजे मी. पंधराव्या वर्षी शाळा सुटली, त्यानंतर जे शिकलो ते बंद पडलेल्या इंजिनांकडून आणि टपालाने मागवलेल्या पुस्तकांकडून. आज त्रेपन्न वर्षांचा आहे. होड्यांची इंजिने दुरुस्त करतो. विद्यापीठाने मला काही दिलेले नाही, मी मागितलेले नाही.

विद्यापीठातल्या निवा-सान यांनी फक्त एक तारा सांगितला आहे. धनु राशीच्या पूर्व टोकाला, आमच्या बेटावरून दक्षिणेच्या समुद्रावर बेताचाच वर येतो. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत मंद ताऱ्याहून लाखपट मंद. दिसतो एक, आहेत दोन. एक साधा तारा आणि त्याच्याभोवती मेलेल्या ताऱ्याचा गोळा, एखाद्या शहराएवढा, पण वजनाला सूर्याहून जड. न्यूट्रॉन तारा. साध्या ताऱ्याचा वायू त्या गोळ्याकडे ओढला जातो, पण सरळ पडत नाही. गोळ्याभोवती कडे करून साठत राहतो. वर्षानुवर्षे साठतो. मग एक दिवस कडे तापते आणि साठलेले सगळे आत कोसळू लागते. कड्याची बाहेरची बाजू आधी उजळते. तो उजेड माझ्या आरशात येतो. वायू गोळ्यापर्यंत पोहोचला की क्ष-किरणांचा उद्रेक. ते किरण हवेतून खाली येत नाहीत, उपग्रहालाच दिसतात.

म्हणजे पहिली खबर माझी, दुसरी त्यांची. मागचा उद्रेक अकरा वर्षांपूर्वी झाला, तेव्हा पहिली खबर द्यायला कोणीच जागे नव्हते. उपग्रहाने पाहिले तेव्हा अर्धे नाटक संपले होते.

६ ऑगस्ट

ढग. निवा-सानचा फोन आला. बाई मोजके बोलते, हे मला आवडते.

"किताओ-सान, एक गोष्ट स्पष्ट सांगते. उपग्रह आमच्या मालकीचा नाही. सगळी कामं बाजूला ठेवून आत्ता इकडे वळवा, असं आम्हाला वर्षातून एकदाच म्हणता येतं."

"आणि वळवला, पण तिथे काही नसलं तर?"

"तर पुढच्या वर्षी." मग म्हणाली, "पुढच्या वर्षी मी इथे असेनच असं नाही. माझी नेमणूक मार्चपर्यंत आहे. हा उद्रेक सुरुवातीपासून पकडला तर ती वाढेल."

"माझ्याकडून चूक होत नाही," मी म्हणालो.

ती हसली नाही. "म्हणूनच तुम्हाला विचारलं."

९ ऑगस्ट

अमावास्येआधीच्या रात्री. म्हाकूळ पकडणाऱ्यांना अंधार लागतो, मलाही. फरक एवढाच की मी अंधार जपतो आणि ते अंधारात दिवे लावून म्हाकूळ वर बोलावतात. सहा होड्या, प्रत्येकीवर दिव्यांची दुहेरी माळ, आणि सगळ्या नेमक्या दक्षिणेच्या खाडीत, माझ्या ताऱ्याच्या पायाशी. त्यांत पुढची होडी माझ्या मेव्हण्याची, कात्सुमीची. तीन वर्षांपूर्वी मी मच्छीमारांच्या सभेत जाऊन दिव्यांना वरून झाकण लावा म्हणालो होतो. झाकणे फुकट करून देतो असेही म्हणालो. कोणीतरी विचारले, "प्रोफेसर, आकाशातलं मासं किलोला काय भाव?" सगळे हसले. त्यानंतर मी त्या सभेत पाऊल टाकलेले नाही आणि कोणाकडे काही मागितलेले नाही.

तरीही या चकाकीतून मोजले. तारा थोडा उजळ वाटतो. थोडाच.

माझी रीत लिहून ठेवतो. ताऱ्याचा उजेड एकट्याने मोजता येत नाही. हवा बदलते, आरशावर दव बसते. म्हणून शेजारच्या एका स्थिर ताऱ्याशी ताडायचे. सात वर्षांपूर्वी मी एक निवडला, रंगाने नेमका तसाच, अंतराने जवळ. त्याला मी खुंटा म्हणतो. निवा-सानचे विद्यार्थी पाच-सहा तारे घेऊन सरासरी काढतात. ज्याला आपला एक माणूस ओळखता येत नाही तो पंचायत बोलावतो.

१० ऑगस्ट

आणखी उजळ. आता शंका नाही. सकाळी आठ वाजता फोन केला.

"तयारीत राहा. चढतो आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "किती?" मी सांगितले. "किताओ-सान, दुसऱ्या ताऱ्याशी ताडून पाहिलंत?"

"माझा खुंटा सात वर्षांत हललेला नाही."

"माहीत आहे. तरी."

"तुमचा माझ्यावर विश्वास नसेल तर दुसरं कोणी शोधा."

ती म्हणाली, "मी अर्ज लिहायला घेते. उद्या आणखी एक माप द्या, परवा सकाळी पाठवते."

फोन ठेवला तेव्हा इकुए दारात उभी होती, वाळलेल्या म्हाकुळांचे ताट घेऊन. म्हणाली, "ती पोरगी तुमच्याशी किती जपून बोलते. मी लग्नानंतर पहिल्या वर्षी बोलायचे तशी."

"मग आता का बोलत नाहीस?"

"आता मला जेवण करायचं असतं," ती म्हणाली. "त्या ताऱ्यालाच जेवायला बोलवा एकदा, म्हणजे तुम्हीही याल."

११ ऑगस्ट



दुपारी कात्सुमी पंप घेऊन दुकानात आला. पंपाला काही झाले नव्हते, नळीत शेवाळ होते. त्याला खरे तर ओबोनबद्दल बोलायचे होते. सासऱ्यांचे हे पहिले ओबोन. मेलेला माणूस पहिल्यांदा घरी येणार, त्याला वाट नीट दाखवायला हवी. तेराला दारात आग पेटवायची, आणि सोळाच्या पहाटे गवताच्या बोटीतून त्याला परत पाठवायचे. बोटीची बांबूची डोलकाठी मी बांधून देतो म्हणालो. कात्सुमी बसून राहिला. घाम पुसत बापाच्या आठवणी काढू लागला.

"दाजी, बाबांनी गोदामाची गोष्ट सांगितली होती का तुम्हाला?"

"नाही."

"मी तेव्हा शाळेत होतो. बाबांची ती खडकाजवळची जागा माहीत आहे ना, कोणाला सांगायचे नाहीत ती. देवळाचा पाइन धक्क्याच्या टोकावर आला की एक रेघ. आणि खिंड पांढऱ्या गोदामावर आली की दुसरी. दोन्ही रेघा जुळल्या की टाक गळ. त्या वर्षी धुकं फार, पाइन दिसायचा नाही. बाबा म्हणाले, गोदाम दिसतंय ना, पुरे. दहा दिवस गेले, हाताला काही लागेना. घरी येऊन शिव्या. प्रवाह हलला, मासा हलला, समुद्राचा तळ हलला. आई एक दिवस वाण्याकडून येऊन म्हणाली, अहो, ते गोदाम पाडलं की उन्हाळ्यात, शेजारी नवं बांधलंय, तसंच पांढरं." कात्सुमी मांडीवर थाप मारून हसला. "समुद्र हलला म्हणत होते, दाजी. गोदाम हललं होतं."

मी हातातला पाना खाली ठेवला. कात्सुमीला म्हणालो, पंप संध्याकाळी घेऊन जा.

टेकडीवर जाऊन दोन्ही रात्रींची छायाचित्रे पुन्हा तपासायला घेतली. शेजारचे पाच तारे घेतले. पाचांशी ताडता माझा तारा आहे तिथेच आहे, निपचित. खुंटा मंदावला आहे. सात वर्षांत पहिल्यांदा. त्याच्यापुढून काहीतरी चालले आहे, बहुधा त्याचाच कोणी जोडीदार, इतक्या सावकाश फिरणारा की सात वर्षे मला दिसला नाही.

फोन केला. "अर्ज थांबवा. खुंटा हलला."

ती म्हणाली, "म्हणजे तोसुद्धा जोडतारा निघाला. किताओ-सान, हाही एक शोध आहे."

"माझ्यासाठी नाही."

"तुम्ही आज सांगितलंत," ती म्हणाली. "उद्या सकाळी अर्ज गेला असता."

याहून ती रागावली असती तर बरे झाले असते.

१३ ऑगस्ट

होड्या बंदरात बांधलेल्या. ओबोनमध्ये कोणी समुद्रावर जात नाही. संध्याकाळी सासऱ्यांच्या दारात आग पेटवली. इकुए धुरात उभी राहून म्हणाली, "बाबा, इकडे." एवढेच. जिवंतपणी ते बंदरावरून यायचे तेव्हा म्हणायची, त्याच आवाजात.

कात्सुमी म्हणाला, "दाजी, आज तरी बसा. बाबांना तुमच्याबरोबर प्यायला आवडायचं."

एक पेला घेतला. मग टेकडीवर आलो. दक्षिणेला एकही दिवा नाही. समुद्र कुठे संपतो आणि आकाश कुठे सुरू होते ते कळत नव्हते. वर्षभरात अशा तीनच रात्री मिळतात.

तारा शांत आहे. पाचांशी ताडून. आता रोज पाचांशी.

१५ ऑगस्ट

काल किंचित वर होता. लिहिले नाही, कोणाला सांगितलेही नाही. स्वतःला सांगायचीही हिंमत नव्हती. रात्र पडली की पुन्हा मोजतो.

इकुए म्हणाली, "पहाटे पाचला बोट निघेल. डोलकाठी तुमची आहे, दोरी तुम्ही धरावी असं सगळ्यांचं म्हणणं आहे."

येतो म्हणालो.

१६ ऑगस्ट

गेलो नाही.

मावळेपर्यंत चढत होता, मग पहाटेपर्यंत त्याचीच छायाचित्रे पुन्हा पुन्हा मोजली. पाचही तारे जागेवर, खुंटासुद्धा पूर्वपदावर आला आहे, आणि माझा तारा परवाच्या दुप्पट. दर मापानंतर वाटे, आता खाली जावे. आणि दर मापानंतर वाटे, आणखी एक. एकदा तोंडघशी पडलेला माणूस दुसऱ्यांदा हात लावून पाहतो, तिसऱ्यांदाही पाहतो. उजाडू लागले तेव्हा निवा-सानना कळवले. दोन ओळी. "चढतो आहे. पाच ताऱ्यांशी ताडले आहे." तेवढ्यात खालून घंटा ऐकू आली.

गवताची बोट धक्क्यापासून सुटली होती. रंगीत कागदांच्या पताका वाऱ्यावर सरळ झाल्या. डोलकाठी वाकली नाही. दोरी कात्सुमीने धरली होती. बोट खाडीच्या तोंडाशी जाईपर्यंत मी उभा होतो.

घरी आलो तर इकुए भांडी घासत होती.

"बाबा गेले," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही वरून पाहिलंत?"

"पाहिलं."

"मग ठीक." थोड्या वेळाने, पाठमोरीच, "आणि तुमचं?"

"पाठवलं."

"या वेळी खरं आहे?"

खरे आहे म्हणालो. मग माझ्या लक्षात आले, मागच्या चुकीबद्दल मी तिला काही बोललो नव्हतो. कात्सुमीचा पंप वेळेआधी तयार करून दिला, त्यावरून तिने ओळखले म्हणे.

संध्याकाळी निवा-सानचा फोन. उपग्रह वळला. तिथे क्ष-किरणांचा मागमूस नाही.

१७ ऑगस्ट

उपग्रहाने आज सकाळी पुन्हा पाहिले. काही नाही.

वायूला आत पोहोचायला दिवस लागतात, हे मला माहीत आहे, निवा-सानलाही माहीत आहे. पण उपग्रहावर इतरांचीही कामे खोळंबली आहेत आणि ते विचारतात, हा बेटावरचा इंजिनवाला कोण.

"त्यांनी वीस तारखेची रात्र संपेपर्यंत मुदत दिली आहे," ती म्हणाली. "पण अट आहे. तारा वर आहे याचं माप रोज रात्री त्यांच्या हातात पडलं पाहिजे. एक रात्र चुकली तर ते दुसरीकडे वळवतील."

"इतर कोणी मोजत नाही का?"

"मुख्य भूमीवर सगळीकडे वादळाचे ढग आहेत. तुमचं बेट उघडं आहे. फक्त तुमचं."

"आज रात्रीपासून इथे होड्या निघतात," मी म्हणालो. "दिव्यांच्या उजेडात माप कच्चं येईल."

"कच्चं माप ते मानणार नाहीत," ती म्हणाली. मार्चबद्दल ती बोलली नाही, मीही नाही.

इकुए मागे बसून शेंगा सोलत होती. फोन संपला तेव्हा तिथे शेंगा होत्या, ती नव्हती.

दुपारी कात्सुमी आला. एक प्रस्ताव घेऊन. मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "दाजी, तुम्ही कधी कोणाकडून काही घ्याल का?" मी म्हणालो, आजवर गरज पडलेली नाही. तो म्हणाला, "बाबा म्हणायचे, जावई म्हणजे खडक. चांगलाय, पण होडी बांधायला कडी नाही." त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

दुपारभर जाड कागदाचा नळा केला, आतून काळा रंग दिला, दुर्बिणीच्या तोंडाशी बसवायला. थोडी चकाकी अडेल. पुरेशी अडणार नाही, पण करण्यासारखे तेवढेच आहे.

१८ ऑगस्ट

नळा लागला नाही. संध्याकाळी इंजिनांचे आवाज आले, सहाही होड्या धक्क्यावरून सुटल्या, मी दात आवळून वाट पाहत राहिलो, आणि दक्षिणेला एकही दिवा लागला नाही. चंद्राची कोर मावळल्यावर ओबोनसारखा काळोख. दक्षिणेला मासळी नसावी. कधी नव्हे ते दैव माझ्या बाजूने.

माप स्वच्छ. तारा आणखी वर. पाठवले.

क्ष-किरण नाहीत.

१९ ऑगस्ट

आजही दक्षिण काळी. माप पाठवले. क्ष-किरण नाहीत.

कात्सुमीच्या होडीचे तेल बदलायचे होते, म्हणून सकाळी बंदरावर गेलो. एरवी सहाला परततात, आज नऊ वाजून गेले. तो उतरला तेव्हा डोळे लाल होते. तेल काळे पडले होते, जितके पडायला नको तितके.

"इंजिन इतकं का पिदडतोस? या महिन्यातच बदललं होतं."

"समुद्र मोठा आहे, दाजी."

"माल?"

"आहे थोडा."

दुसऱ्या होडीवरून म्हातारा सोएदा ओरडला, "प्रोफेसर, आकाशातल्या माशाला अजून गळ लागला नाही का? लवकर ओढा की. आमच्या कमरा मोडल्या." बाकीचे हसले, पण तीन वर्षांपूर्वीसारखे नव्हते. त्यांच्या कमरांचा माझ्या ताऱ्याशी काय संबंध, ते कळले नाही. म्हाताऱ्याचे वय झाले.

घरी चक्रावर इकुएने टांगलेले म्हाकूळ पांढरे नव्हते. ते लालसर काळपट होते, थंड पाण्यातले, ज्यांना उन्हाळ्यात कोणी विचारत नाही. चक्राचा वेग मी थोडा कमी केला; या जातीचे मांस जाड असते, सावकाश वाळवावे लागते. इकुए माझ्याकडे पाहत उभी होती, मी काही बोलेन असे वाटल्यासारखी. "आता बरोबर वाळतील," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "आता वाळतील."

२० ऑगस्ट

चौथे माप आज रात्री. ते शेवटचे.

मनातले लिहितो, कारण दुसरीकडे सांगण्यासारखे नाही. समजा वर्षभरातली ती एकच हाक मी फुकट घालवली असेल. सगळेच उद्रेक आतपर्यंत पोहोचत नाहीत; बाहेर उजळून आतल्या आत विझलेलेही आहेत, पुस्तकात वाचले आहे. तसे झाले तर माझे माप खोटे ठरणार नाही, पण त्या मुलीच्या हातात काहीच उरणार नाही. बरोबर असण्याचा मला आजवर एकच अर्थ ठाऊक होता. बरोबर असूनही कोणाच्या उपयोगी न पडणे, याचा मी कधी विचार केला नव्हता.

सासऱ्यांची बोट सोडायला गेलो नाही, ते यासाठीच होते का?

संध्याकाळी इकुएने भात, सूप आणि वाळलेला म्हाकूळ भाजून टेकडीवर आणला. ती कधी वर येत नाही, चढ आहे. खोलीच्या पायरीवर बसली. होड्या सुटल्याचे आवाज आले. ती उठून बेटाच्या दुसऱ्या बाजूला, आवाज जात होते तिकडे, बराच वेळ पाहत राहिली.

"काय बघतेस?"

"वारा," ती म्हणाली. "तिकडे लाटा मोठ्या असतात."

"त्यांनी जपून राहावं."

"राहतील," ती म्हणाली. "तुम्ही मोजा."

२१ ऑगस्ट

पाठवले. सकाळी सहाला. फोन उशाशी ठेवून पडलो होतो, झोप नव्हती.

सव्वाअकराला वाजला. पलीकडे निवा-सान होती. मला वाटले, संपले.

"किताओ-सान. आले."

मी उठून बसलो.

"पहाटेच्या फेरीत आले. आधी इतके थोडे की आम्ही तीनदा तपासलं. पुढच्या फेरीत दुप्पट. आत्ता पाहतोय त्यात..." ती थांबली, कोणाशी तरी बोलली, परत आली. "आणि ऐका. चढता चढता मध्येच एक झोत आला. दहा सेकंद. एकदम वर आणि मग हळूहळू खाली. म्हणजे वायू पृष्ठभागावर साचून पेटला. कृष्णविवराला पृष्ठभाग नसतो. याला आहे. न्यूट्रॉन तारा आहे हे या ताऱ्याबद्दल आजवर फक्त आपण मानत होतो, किताओ-सान. कोणी पाहिलं नव्हतं."

मी तिला म्हणालो, पहिल्या फेरीची वेळ नीट सांगा, लिहून घ्यायची आहे. तिने सांगितली. पुढे ती बोलत होती, बाहेर उजळल्यापासून आत पोहोचेपर्यंतचा सगळा काळ, एकही रात्र न चुकता मोजलेला, या ताऱ्याचा पहिल्यांदाच. पण मला नीट ऐकू येत नव्हते. इकुए दारात होती. मी मान हलवली. तिने ओले हात पुसले, देवघरापुढे जाऊन बापाच्या नावाच्या पाटीसमोर घंटा वाजवली, एकदा. मग तिने पायात चपला अडकवल्या आणि बंदराकडे निघाली. इतक्या वेगाने मी तिला अनेक वर्षांत चालताना पाहिले नव्हते.

२४ ऑगस्ट

रात्री दक्षिणेला सहाही होड्यांचे दिवे. मासळी परतलेली दिसते. माझे काही अडत नाही. तारा आता इतका उजळला आहे की दिव्यांतूनही मोजता येतो, आणि मुख्य भूमीवरचे ढगही गेले आहेत.

निवा-सानने निबंधाचा मसुदा करायला घेतला आहे. माझे नाव तिच्या नावानंतर लगेच येणार. तिच्या विभागाने मार्चपुढची तिची बोलणी सुरू केली आहेत. शेवटी तिने विचारले, "आभारात तुमच्या बाजूने कोणाची नावं घालू? निरीक्षणाला कोणी मदत केली असेल."

"कोणी नाही," मी म्हणालो.

"कोणीच नाही?"

"सगळं मी एकट्याने केलं."

आम्ही जेवत होतो. कात्सुमीही होता, इकुएने बोलावले होते. फोन ठेवल्यावर मी त्याला विचारले, "त्या चार रात्री दक्षिणेला काहीच नव्हतं का रे?"

कात्सुमीने बहिणीकडे पाहिले. इकुएने त्याच्या वाडग्यात भात वाढला, वाढत राहिली, भात वाडग्याच्या वर आला.

"नव्हतं, दाजी," तो म्हणाला. "एक शेपूट नव्हतं."

"माझं नशीब."

"तर काय," तो म्हणाला आणि खाली मान घालून जेवू लागला. हातांवर गळाच्या दोऱ्यांनी कापल्याच्या नव्या खुणा होत्या. उद्या त्याच्या रहाटाची पकड बघून देईन. फुकट.

नोंद पुरी असावी म्हणून, सतरा तारखेला लिहायचे टाळलेले आता लिहितो. माझे काम कोणाच्या मेहेरबानीवर झालेले नाही याचा तो पुरावा आहे. कात्सुमीचा प्रस्ताव असा होता: बंदरातल्या सहाही होड्या चार रात्री दक्षिणेच्या खाडीत उतरणार नाहीत. बेटाला वळसा घालून उत्तरेच्या थंड पाण्यावर जातील, लांब पडले तरी, माल हलका निघाला तरी. मला काही द्यावे लागणार नाही. जास्तीचे डिझेल आणि मालाची तूट ते आपसांत वाटून घेतील. तूट किती, ते त्याने माझ्या दुकानात उभ्या उभ्या बोटांवर मोजून सांगितले. नऊ लाख साठ हजार येन. मी नाही म्हणालो.